पुढच्या गड्याचा हुकूम

बुधाजीची कंबर गेली तेव्हा निम्म्या भिसेगावानं त्याला परस्पर घरात बसवून टाकलं होतं. खुब्याचा सांधा झिजलेला, दहा पावलं टाकली की कळ थेट मस्तकात, आणि वय सदुसष्ट. आता ओटा, चहा आणि मोबाइल, असं सगळ्यांनी ठरवलं. बुधाजीला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

मुलानं, जगदीशनं, बॅटरीवर चालणारी चार चाकांची स्कूटर आणून दिली ती बापाला दवाखान्यात नेण्यापुरती. बुधाजी दुसऱ्याच दिवशी तिच्यावर बसून मटणाच्या दुकानात गेला, तिथून विहारात आणि तिथून कर्जत स्टेशनला, नुसत्या गाड्या बघायला. पोरंटोरं मागे पळाली. शेजारच्या चांगोनं ओट्यावरून हाळी दिली, "जय भीम बुधाजी! लायसन हाय का?" "तुज्या टेंपोचं हाय तेवढं हाय," बुधाजी म्हणाला आणि हॉर्न वाजवत गेला. चांगोच्या टेंपोची कागदपत्रं कशी आहेत ते सगळ्या आळीला ठाऊक होतं.

सहा महिन्यांनी एकदा जेवताजेवता त्यानं जाहीर केलं, "मला बोटीनं गोव्याला जायचंय. ह्या गाडीसकट."

जगदीशचा घास हातातच राहिला. तो खालापूरच्या एका कंपनीत सुपरवायझर. सगळं नियमात बसवायची त्याला सवय. "बाबा, चाकाची खुर्ची घिऊ ना. मी ढकलीन तुमाला."

"मला कुनी ढकलायचं नाय."

त्यात ताठा होता, पण नुसता ताठा नव्हता. बुधाजीनं तीस वर्षं माथेरानला हातरिक्षा ओढली होती. लग्नाची जोडपी, सुटलेल्या पोटाचे शेटजी, मांडीवर कुत्रं घेतलेल्या बाया, सगळ्यांना तांबड्या मातीतून पॉइंटावर नेलं. तिथं ते हात लांब करून म्हणायचे, तो बघा समुद्र, आणि हा रिक्षाशी उभा राहून घाम पुसायचा. दुसऱ्यांच्या सुट्टीत त्याचं आयुष्य गेलं आणि स्वतःला एक सुट्टी मिळाली नाही. खुर्चीत बसून कुणा पोराच्या खांद्याला घाम फोडायचा, ही कसली सुट्टी?

"झेपंल का पन?" जगदीशनं आईकडे बघितलं.

चंद्राबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "तीस वर्सं हे डोंगर चढले तवा तुमी कुनी इचारलं नाय, झेपंल का म्हनून. आता कशाला इचारता? जाऊ दे रं."

झालं. सून पौर्णिमा हुशार. तिनं बोटीच्या कंपनीला पत्र लिहून स्कूटर बोटीत चालते असा लेखी होकार मिळवला आणि केबिनच्या दाराचं मापही मागवलं. बुधाजीनं तेवढ्याच अंतरावर अंगणात शेवंतीच्या दोन कुंड्या ठेवल्या आणि आठ दिवस त्यांच्यामधून गाडी काढली. पहिल्या दिवशी एक कुंडी फुटली. चौथ्या दिवसापासून पानही हललं नाही.

मग चांगोच्या टेंपोत स्कूटर, भाड्याच्या मोटारीत चौघं, आणि दुपारी मुंबईचा धक्का. बोट बघून चंद्राबाईचा हात तोंडावर गेला. आमच्या आळीतली सगळी घरं आत मावतील, म्हणाली.

बोटीच्या दारापर्यंत लोखंडी पूल टाकला होता. त्याच्या तोंडाशी कोट घातलेला एक तरुण अधिकारी उभा होता. छातीवर नाव, हर्षद. त्यानं बुधाजीच्या डोक्यावरून जगदीशला विचारलं, "काकांना थोडंफार चालता येतं का? ऐकू येतं ना?"

बुधाजीला हे नवं नव्हतं. रिक्षात बसलेले लोक असंच एकमेकांना विचारायचे, ह्याला चढ जमेल ना हो? आणि हा त्यांच्यापासून दोन हातांवर, रिक्षाच्या दांडीत.

"काका हितंच हायेत," तो म्हणाला. "काकांनाच इचार."

हर्षद वरमला, पण हटला नाही. पौर्णिमानं पत्र दाखवलं. स्कूटर बोटीत चालेल, तो म्हणाला, पुलावर नाही. भरती आहे, बोट वर आलीय, चढ उभा झालाय. स्कूटर सामानाच्या लिफ्टनं जाईल, काका व्हीलचेअरवर बसतील, आमची दोन माणसं ढकलतील. नियम आहे.

"आनि नाय बसलो तर?"

"काका, बोट पाचला सुटते."

मागची रांग चुळबुळू लागली. जगदीश बापाच्या कानाशी वाकला. "बाबा, दोन मिनटांचा प्रश्न हाय. बसा ना. सगळी बघतायत."

"बघू दे. मी तिकीट काढलंय. मी सामान नाय." बुधाजीनं किल्ली काढून खिशात टाकली. चंद्राबाई त्याच्या शेजारी बॅगेवर बसली. तिनं मांडी घातली म्हणजे ती आता उठत नाही, हे जगदीशला लहानपणापासून माहीत होतं.

बुधाजीला भीती वाटत होती. बोट खरंच गेली तर हे तोंड घेऊन भिसेगावात कसं जायचं? पण खुर्चीत बसून वर गेलो तर ते तोंड गोव्यात तरी कुठं लपवायचं? त्यानं पुलाकडे नीट बघितलं. चढाची त्याला पारख होती. हा चढ कठीण होता, अशक्य नव्हता.

"हे बघ पोरा," तो हर्षदला म्हणाला. "आमच्या रिक्षाला पुढं एक गडी, मागं दोन. मागच्यास्नी रस्ता दिसत नाय, म्हनून हुकूम पुढच्याचा. तो 'धर' म्हनला की धरायचं, 'सोड' म्हनला की सोडायचं. मी पुढचा होतो. तुजी दोन मानसं मागं ऱ्हाऊ देत. पर माज्या हुकमाबिगर हात लावायचा नाय."

हर्षदनं घड्याळ बघितलं, रांग बघितली, वॉकीटॉकीवर वरच्या कुणाशी तरी बोलला. शेवटी त्यानं जबाबदारीचा कागद पुढे केला, सवयीनं जगदीशपुढे. जगदीशनं तो घेतला आणि बापाच्या हातात दिला. बुधाजीनं सही ठोकली.

"दोघांतला एक मी," जगदीश म्हणाला.

छाती हँडलवर टेकवून बुधाजीनं गाडी पुलावर घातली. अर्ध्यावर पाठीमागे बोटांचा स्पर्श जाणवला. "हात!" तो गरजला. बोटं गेली.

पुढे दोन पत्रे जोडलेल्या ठिकाणी लोखंडी पट्टी आडवी आली. चाक अडलं, मोटर घुंई करत राहिली आणि गाडी वीतभर मागे घसरली. खाली कुणीतरी किंचाळलं.

"धर!"

पुढच्या गड्याला 'धर' म्हणायची लाज नसते. लाजेपायी गप्प बसून गाडी दरीत घालतो, तो मूर्ख. जगदीशनं खांदा लावला. लेकाचा दम बापाला मानेवर लागत होता.

"लाव आता... अजून... सोड!"

चाक पट्टीवरून गेलं. राहिलेला चढ बुधाजी एकटा चढला, आणि दारातून आत जाताना त्यानं कुठंही गाडी घासू दिली नाही.

आत पांढऱ्या गणवेशातल्या एक मोठ्या बाई स्वागताला उभ्या होत्या. त्यांनी सगळं वरून बघितलं असावं. त्यांनी हसून जगदीशचा हात हातात घेतला. "छान आणलंत हो वडिलांना वर!"

बुधाजीनं तोंड उघडलंच होतं, पण जगदीश आधी बोलला. धापा टाकत होता, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि कंपनीत बोलायची भाषा त्याला त्या घटकेला सुचली नाही.

"मी नाय आनलं, मॅडम. ते आले. मी मागं व्हतो."