फाटकाशी गवत

माझी मधली मुलगी चेमेली हिला मागणी आली, त्या वर्षी आमच्या कुरणात गवतापेक्षा रुंद पानांचं तणच जास्त माजलं होतं. गाई त्याला तोंड लावत नसत. दूध निम्म्यावर आलं.

मी कॅप्साबेत गावच्या दुकानातून तणनाशक आणलं. ते गवताला सोडतं, रुंद पानाचं तेवढं मारतं. सकाळी वारा पडलेला असताना फवारा, असं दुकानदाराने दोनदा बजावलं होतं. पण शेजाऱ्याचा पंप मिळाला दुपारी, आणि संध्याकाळी परत करायचा होता. पश्चिमेच्या मोठ्या सरोवराकडून वारा सुटला तरी मी थांबलो नाही.

चौथ्या दिवशी कुंपणापलीकडचा घेवडा आणि भोपळा मुरगळला. शेत थोरल्या भावाचं, किपसोंगोकचं. तो आला, पानं उलटून पाहिली आणि माझ्याकडे न बघता परत गेला.

शनिवारी मुलाकडची मंडळी येणार होती. आमच्या घरात मुलीच्या वतीने पहिला शब्द थोरल्या भावाने बोलायचा. तो आला नाही तर बोलणी होत नाहीत.

"बसलात काय?" बायको म्हणाली. "पाहुण्यांशी तुमचा पंप बोलणार आहे का?"

आमच्याकडे समेटाला गवत हातात धरून जातात. गवत धरलेल्या माणसाला दारातून हाकलायचं नाही. शुक्रवारी सकाळी मी कुरणातलं मूठभर हिरवंगार गवत उपटलं आणि दादाच्या फाटकाशी उभा राहिलो.

वहिनी बाहेर आली. "भावजी, हातात काय?"

"गवत."

"ते दिसतंय. कुठलं?"

"कुरणातलं."

"औषध मारलेलं? समेटाला आलात की उरलंसुरलं मारायला? टाका ते तिकडे! माझं वासरू मोकळं आहे!"

मी गवत कुंपणापलीकडे माझ्या बाजूला फेकलं. आता हात रिकामे. दादा दारात येऊन बघत होता.

"दादा, तुझ्या बांधावरचं घेऊ?"

"माझंच गवत घेऊन माझ्याच दारात माफी मागणार?"

"माझं चालत नाही म्हणता ना तुम्ही."

दादाने पायाशी पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून वाकला, उंबऱ्याजवळचं गवत उपटलं आणि फाटकाशी येऊन माझ्या हातात दिलं. "धर. आता बोल."

"चुकलो. वारा सुटलेला कळत होता मला. पंप परत द्यायचा म्हणून थांबलो नाही."

"कळत होता ना? हेच तुझ्या तोंडून ऐकायचं होतं." मग म्हणाला, "उद्या किती वाजता येतात ते?"

"आधी हात धुवा," वहिनी म्हणाली. "साबणाने, दोनदा. मग चहा."

शनिवारी पहिला शब्द दादाच बोलला, आणि लांबलचक बोलला. चेमेलीचं लग्न डिसेंबरात झालं.

माफी मागायला स्वतःच्या दारचं गवत मला देणारा माझा थोरला भाऊ किपसोंगोक पुढे ११ ऑगस्ट २०१५ रोजी, मंगळवारी सकाळी, आपल्या घरी वारला.