चौथं वाक्य

चन्नवीरचं पत्र आलं तेव्हा काशम्मा दाणे भाजत होती, आणि दाणे भाजताना ती कुणाचंच ऐकत नसे. भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत सासू-सून मिळून शेंगांची चटणी कुटायच्या आणि सात रस्त्यावरच्या एका दुकानाला पोचवायच्या. दाणा जरा जास्त भाजला की चटणीला कडवट चव येते आणि दुकानदार तोंड वाकडं करतो. म्हणून आफ्रिकेहून आलेलं पत्र तासभर कोनाड्यात पडून राहिलं, आणि सून नागव्वा तासभर त्या कोनाड्याकडं पाठ करून उखळापाशी बसली. मुसळाचे घाव मात्र रोजच्यापेक्षा भराभर पडत होते, ते काशम्माला ऐकू येत होतं.

नागव्वा मंद्रूपची. लग्नाला दोन महिने होतात न होतात तोच चन्नवीर गिरणीतली फिटरची नोकरी सोडून नैरोबीच्या रेल्वे कारखान्यात गेला, त्याला आता पाच वर्षं होत आली होती. नवऱ्याचा चेहरा आठवतो का, असं कुणी विचारलं तर ती खरं सांगायची. पटका आठवतो, मिशी आठवते, मधलं काही नीट जमत नाही. पेठेतल्या बायका तशा भल्या. 'त्यानं तिकडं दुसरी केली असंल' हे त्या तिच्यासमोर कधी बोलत नसत, मागं बोलायच्या. काशम्मा ते ऐकून घरी येई आणि सुनेवर उगीच खेकसे.

दाणे उतरवल्यावर नागव्वानं पत्र वाचलं. ती शाळेत तीन इयत्ता शिकली होती. चन्नवीरला पत्र्याची दोन खोल्यांची जागा मिळाली होती. मुंबईचं एक कुटुंब डिसेंबरात बोटीनं निघणार होतं, त्यांच्या सोबतीनं नागव्वानं यावं. आईनंही यावं असं त्यानं लिहिलं होतं, आणि लगेच पुढं लिहिलं होतं, की सिद्धेश्वराचं देऊळ सोडून आई यायची नाही हे मला ठाऊक आहे.

"बरोबर लिवलंय," काशम्मा म्हणाली.

खरी गोम पुढं होती. मोंबासाच्या बंदरावर उतरताना एक अधिकारी प्रत्येक बाईला एकटीला बोलावून घेतो आणि इंग्रजीत विचारतो, तू कोण, कुणाची, कुठं चाललीस. चन्नवीरबरोबर काम करणाऱ्या एकाची बायको गेल्या साली घाबरून गप्प राहिली, तर तिला त्याच बोटीनं माघारी धाडलं. म्हणून चन्नवीरनं वेगळ्या कागदावर सात इंग्रजी वाक्यं बालबोध अक्षरांत लिहून पाठवली होती. खाली थोडे तिकडच्या बाजारातले शब्द होते. मिठाला चुंवी म्हणायचं, पाण्याला माजी, दुधाला मझिवा. वाक्यं पाठ कर आणि आधी सोलापुरातल्या कचेरीतून पासपोर्टाचा कागद काढ, असं पत्राच्या शेवटी होतं.

पाठ करून घ्यायला सोजरबाई होती. ती शेजारच्या बोळात राहायची. एका गिरणीच्या साहेबाची पोरं तिनं अकरा वर्षं सांभाळली होती आणि त्यांच्याबरोबर एडनपर्यंत जाऊन आली होती. तिचं इंग्रजी पोरांना आंघोळ घालण्यापुरतंच, पण ते ती अशा दणक्यात बोलायची की ऐकणाऱ्याला वाटावं आपलंच काहीतरी चुकलंय. रोज दुपारी ती येऊन उंबऱ्यावर बसे आणि नागव्वा कुटता कुटता वाक्यं म्हणे.

"वर बगून बोल," सोजरबाई सांगायची. "खाली बगितलं की साहेबाला वाटतं, ही खोटं बोलती."

"आणि वर बगितलं की आपल्यातल्यास्नी वाटतं," काशम्मा चुलीपासून म्हणे.

पोरीची जीभ मात्र चांगली वळायची. 'माय नेम इज नागव्वा' पहिल्याच दिवशी आलं. 'आय कम फ्रॉम सोलापूर' दुसऱ्या दिवशी. 'आय डू नॉट ईट मीट' हे तर ती इतक्या जोरात म्हणे की सोजरबाईला हसू येई. कानडी घरची, मराठी शेजारची, दोन भाषा तिच्या तोंडात आधीच नांदत होत्या, तिसरीला तिनं जागा करून दिली. अडलं ते चौथ्या वाक्याशी. ते वाक्य असं होतं, 'माय हजबंड्स नेम इज चन्नवीर.'

नागव्वा 'माय हजबंड्स नेम इज' पर्यंत यायची आणि थांबायची. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तेवढं कमी होतं, हे काही तिला एकटीलाच ठाऊक नव्हतं, उभ्या पेठेला ठाऊक होतं. इतर घरी सणावाराला उखाण्यात तरी नाव घेऊ देत. काशम्माच्या सासूनं आपल्या काळात तेही बंद केलं होतं, आणि का केलं ते विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. तेव्हा नागव्वा थांबली की चुलीपासून काशम्मा म्हणायची, "चन्नवीर." आईला मुलाचं नाव घ्यायला बंदी नाही. मग नागव्वा पुढं पाचव्या वाक्यावर जायची. हे कुणी ठरवलं नव्हतं. पण पंधरा-वीस दिवसांत ते इतकं अंगवळणी पडलं की तो धडा असाच आहे, दोघींनी मिळून म्हणायचा, असं वाटायला लागलं.

सोजरबाईनं एकदा टोकलं. "अगं, इंग्रजीत नाव घ्यायला काय जातंय? देवाला कुटं इंग्रजी येतं?"

"वाक्य इंग्रजी हाय," काशम्मा म्हणाली. "नाव आपलंच हाय की."

"मग उखाण्यात घेऊ दे."

"साहेब काय डोहाळजेवणाला आलाय व्हय, उखाणा ऐकायला?"

 काशम्माला आपल्या उत्तराचं जरा समाधानच वाटलं.

दसरा झाल्यावर कचेरीतून बोलावणं आलं. दोघी धुवट लुगडी नेसून, कपाळाला विभूती लावून चालत गेल्या. काशम्माला दाराबाहेरच्या बाकावर बसवलं आणि नागव्वाला आत नेलं. आत विलायतेहून नुकताच आलेला एक तरुण साहेब होता आणि त्याच्याशेजारी आबासाहेब नावाचा म्हातारा हेडक्लार्क. बंदरावर विचारतील तेच इथं विचारतो, असं हेडक्लार्कानं सांगितलं. दार उघडंच होतं. नागव्वानं वर बघून तीन उत्तरं दिली. साहेबानं मान हलवली. मग त्यानं नवऱ्याचं नाव विचारलं.

"माय हजबंड्स नेम इज," नागव्वा म्हणाली आणि थांबली.

"चन्नवीर," बाकावरून काशम्मा म्हणाली.

तिला ते म्हणायचं नव्हतं. तोंडातून गेलं. कचेरीतले दोघं-तिघं कारकून हसले. साहेब हसला नाही. त्यानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि पुन्हा तेच विचारलं. नागव्वानं पुन्हा तेवढंच वाक्य म्हटलं आणि पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिच्या मानेवर घाम आलेला काशम्माला बाहेरून दिसला.

हेडक्लार्क बाहेर आला. माणूस समजूतदार होता. "बाई, नाव कागदावर आहेच," तो म्हणाला. "पण ही तिकडं अशीच थांबली, तर तिथं बाकावर तुम्ही नसाल. साहेब म्हणतात, आठ दिवसांनी आणा. तेव्हाही नाही बोलली, तर अर्ज परत जाईल."

परत येताना काशम्मा पुढं चालत होती, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. सुंठीवाचून खोकला गेला. तिनं सुनेला अडवलं नव्हतं, हे देवापुढं दिवा लावून सांगता आलं असतं. सोजरबाईला तिनंच बोलावलं, कचेरीत तीच घेऊन आली. आता रीतच आड आली, त्याला ती काय करणार? तिचे गुडघे दुखायचे. मुसळ दहा वेळा उचललं की अकराव्यांदा उचलवत नसे. ही पोर गेली की दाणे कोण कुटणार, आणि दाणे राहू देत, संध्याकाळी समोरच्या ताटावर कोण बसणार, हे तिनं महिनाभर मनाशीसुद्धा बोलून दाखवलं नव्हतं. त्या वाटेवर बोलून दाखवलं, आणि घर येईपर्यंत तिला थोडी लाजही वाटली. थोडीच.

नागव्वा रडली नाही, रुसली नाही. तिनं दुसऱ्या दिवशी पहाटे उठून रोजच्याइतकेच दाणे कुटले. सोजरबाई दुपारी आली तेव्हा मात्र म्हणाली, आज नको. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच म्हणाली. मग सोजरबाई आली नाही.

पाचव्या दिवशी दुपारी काशम्मा दारात मिरच्यांचे देठ काढत बसली होती. नागव्वा तिच्यापुढं येऊन बसली आणि सात वाक्यांचा कागद नीट घडी घालून तिच्या हातात दिला.

"अत्ती, हे तुमीच ठेवा," ती म्हणाली. लिंगायत सुना सासूला अत्तीच म्हणतात. "मी न्हाय जात. माज्या तोंडानं त्यांच्या जिवाला काय झालं, तर मग कुटं जाऊ?"

काशम्मा 'बरं' म्हणाली. कागद कमरेला खोवला. नागव्वा उठून आत गेली आणि मुसळाचा आवाज सुरू झाला. आता सगळं मनासारखं झालं होतं. काशम्मानं आणखी चार मिरच्यांचे देठ काढले, मग पाचवी मिरची तिच्या हातात तशीच राहिली. पोरगी ज्या जिवाला भीत होती तो काशम्माच्याच पोटचा होता. त्याला जपायला ती आपला सगळा संसार घडी घालून देत होती, आणि तो आपण कमरेला खोवून बसलो. काशम्माला मिरच्यांची चीड आली, मुसळाची चीड आली, शेवटी स्वतःची आली.

ती गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि आत गेली.

"मुसळ ठेव," ती म्हणाली.

नागव्वानं मुसळ भिंतीला लावलं. काशम्मा तिच्यासमोर खाली बसली.  मग म्हणाली, "धोंडप्पा."

नागव्वाला कळलंच नाही, कुणाला हाक मारली ते. तिनं दाराकडं बघितलं. या घरात ते नाव तिनं कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"तुजा सासरा," काशम्मा म्हणाली. "बावीस वर्सं संसार केला. एकदा नाव घेतलं न्हाय. उखाण्यात न्हाय, झोपेत न्हाय. तरी ते गेलेच की."

तिचा आवाज नेहमीचाच होता, दुकानदाराशी बोलताना असतो तसा.

"मानमोडीचा ताप होता. चार दिवस शुद्ध न्हवती. शेवटच्या दिवशी सगळे म्हनले, हाका मारा, मानूस परत येतं. मी मारल्या. री, री, म्हनून मारल्या. सगळ्या कानडी बायका नवऱ्याला री म्हनत्यात, त्यांनी कसं वळकायचं, कोन बोलावतंय? मग थोरल्या भावजींनी नावानं हाक मारली. तवा डोळं उघडलं. भावजींकडं बगितलं. मी या अंगाला बसले हुते. हिकडं वळलेच न्हाईत."

नागव्वानं पदर तोंडाला लावला.

"त्यांचं आयुष्य मी राखलं, राखलं, आणि शेवटची नजर दुसऱ्याला दिली," काशम्मा म्हणाली. "ह्यात आयुष्य कुटं वाढलं, तूच सांग."

तिनं कमरेचा कागद काढला आणि सुनेच्या मांडीवर ठेवला. बाहेर एक फेरीवाला बांगड्या घ्या म्हणत गेला. नागव्वानं कागदाची घडी उघडली.

"चन्नवीर," नागव्वा म्हणाली. इतकं हळू, की ओठ हलले म्हणूनच कळलं.

 नवरा गेल्यापासून त्या घरात ते नाव काशम्माच्या एकटीच्या मालकीचं होतं. ते आता दुसऱ्या तोंडी गेलं, आणि घर रिकामं व्हायला तिथून सुरुवात झाली, हे तिला स्पष्ट कळलं. तिनं डोळे पुसले नाहीत. हाताला मिरचीचं तिखट होतं.

"आणि तिकडं गेल्यावर एक कर," ती म्हणाली. "तो कवा आजारी पडला, तर री म्हनू नकोस. नावानं हाक मार. परक्या मुलखात त्याला दुसरं कोन हाय नावानं हाक मारायला?"

नागव्वानं मान हलवली.

"मान काय हलवतीस? म्हन."

"चन्नवीर."

"मोठ्यानं," काशम्मा म्हणाली. "तापात मानसाला लांबचं ऐकू येत न्हाय."