माझ्या अंगावरची साडी

मित्रांनो, सांगलीतल्या एका दवाखान्यात वजनकाट्याच्या शेजारी जी पिवळट पडलेली पेटी दिसते, ती मी. मी शॉकवेव्हची मशीन आहे. घाबरू नका, मी विजेचा झटका देत नाही. माझ्या दांड्यातून दाबाच्या लहरी निघतात आणि दुखऱ्या जागेवर टकटक करतात. टेनिस एल्बो, म्हणजे कोपराचं जुनं दुखणं, हे माझं खास काम. टेनिस खेळणारं कोपर मात्र मी अजून पाहिलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. आईवडील आठवत नाहीत. वॉरंटी कार्ड होतं, तेही हरवलं. इथे आले तेव्हा मला हार घातला होता. पुढे हार वाळला, प्लास्टिकचं कव्हर फाटलं. बरा झालेला माणूस परत येत नाही, न झालेला शिव्या द्यायला येतो. त्यामुळे माझी ओळख राहिली ती शिव्या देणाऱ्यांशीच.

मग आक्काताई आल्या. वर्षभर कोपर धरून बसलेल्या. गोळ्या झाल्या, पट्टा झाला. पहिल्या टकटकीलाच डॉक्टर कीर्तीबाईंना म्हणाल्या, "आवं, ही मशीन हाय का सुतारपक्षी?"

मला कुणी पक्षी म्हणेल असं वाटलं नव्हतं. मी हळवी झाले.

पुढच्या आठवड्यात कोपर तेवढंच दुखत होतं.

"धारा कोण काढतंय?" कीर्तीबाईंनी विचारलं.

"मीच की. चंद्री दुसऱ्याला आचळाला हात लावू देत न्हाई."

"मग मशीन तरी काय करणार? हाताला आराम द्या."

"म्हस बाजारात न्यावी लागंल," त्यांचा मुलगा गोमटेश म्हणाला.

चंद्री आक्काताईंनी पारडी असल्यापासून वाढवलेली. त्या म्हणाल्या, "माझी साडी तिच्या वळखीची हाय. ती नेसून कुणीबी बसलं तर दील."

"कुणीबी म्हंजे?"

घरात दोघंच होती. गोमटेशला उत्तर कळलं.

तो साडी नेसून बसला. मिशांकडे दुर्लक्ष करून चंद्रीने पान्हा सोडला. गाव पोटभर हसलं आणि संध्याकाळी तांब्या घेऊन दुधाला आलं.

माझी टकटक संपल्यावरही कोपर सावकाश बरं होत गेलं. माझ्या कामाला वेळ लागतो. एक दिवस आक्काताई त्याच हाताने दुधाची भरलेली किटली घेऊन आल्या.

"गोमट्या आता पँटीवर बसला तरी चालतंय तिला," त्या म्हणाल्या. त्यांचं लक्ष माझ्या फाटक्या कव्हरकडे गेलं. पिशवीतून तीच साडी काढून त्यांनी माझ्यावर पांघरली. "उघडी बसलीय बिचारी."

त्यानंतर त्या आलेल्या नाहीत. म्हणजे हात बरा आहे.

मित्रांनो, दुखऱ्या हाताला आराम द्या. आणि बरं वाटलं की एकदा तरी सांगायला या. साडीला अजून गोठ्याचा वास आहे. एखादी म्हैस वाट चुकून आत आली, तर ती मला ओळखेल. तेवढ्यासाठी जाताना दार जरा उघडं ठेवा.