प्रेताचा अंगठा

छत्तीस वर्षांपूर्वी एडविन प्लमट्री एकदा मेला होता, आणि सांगण्यासारखं असं त्याच्या आयुष्यात तेवढंच घडलं होतं.

'इन्स्पेक्टर थ्रॉसल' या मालिकेचं चित्रीकरण तेव्हा ऑसबरी गावात आलं होतं. एडविन फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायचा. त्याला गालिच्यावर पालथं झोपवलं, वरून पडदा पांघरला, बाहेर फक्त पाय. ते पाय पाऊण मिनिट दिसतात, आणि तेवढ्यात मोज्याच्या भोकातून डोकावणारा उजवा अंगठा टुणकन हलतो. मेलेल्या माणसाचा अंगठा! त्यावर लोक अजून भांडतात. दर जूनमध्ये चाहत्यांची बस येते, सगळे चर्चच्या सभागृहात बसून तोच भाग पुन्हा पाहतात. खुनी तोंडपाठ असूनही शेवटी दचकतात.

यंदा त्यांनी प्रेताचा सत्कार करायचं ठरवलं. 'ते प्रेत मीच' असं एडविनने त्यांना पत्र लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. ते पोचलं त्याच दिवशी नॉर्मन स्टॅगल खाटकाचंही पोचलं.

"पाय माझेच," सभागृहात नॉर्मन छाती काढून म्हणाला. "मोजा ओळखतो ना मी! आमच्या आईनं विणलेला. एड्विन्या, कुठल्या तोंडानं स्वतःला प्रेत म्हणवतोस?"

"तोंड कुठं दिसतंय त्यात," एडविन पुटपुटला.

खरं तर त्या दिवशी दोघांनाही आळीपाळीने झोपवलं होतं. अंगठा आपण हलवला हे एडविनला पक्कं आठवत होतं, पण छत्तीस वर्षांत त्याने स्वतःच्या नावाच्या स्पेलिंगवरही शंका घेतली होती. आणि तो का हलवला, हे सांगायची सोय नव्हती. प्रेताच्या मुठीत एक कविता सापडते. इन्स्पेक्टर तिच्या ओळी मोजून म्हणतो, "सुनीत आहे. बाराच्या बारा ओळी. म्हणजे कागद कुणी फाडलेला नाही!" आणि या एका वाक्याच्या जोरावर ऑर्गन वाजवणारी मिस पेटिफर तुरुंगात जाते. सुनीताच्या ओळी चौदा असतात, हे पुस्तकं वाहणाऱ्या माणसाच्या अंगठ्यालाही ठाऊक होतं. पण ते सांगितलं तर सगळ्यांचा लाडका भाग कोसळला असता. एवढी माणसं एवढ्या लांबून येतात. त्यांच्या चहात माती कोण कालवणार? सत्कार मात्र त्याला फार, फार हवा होता.

"दोघंही झोपा," चाहत्यांच्या मंडळाच्या अध्यक्ष डोरीनबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात पिसांचा झटकणा होता. "बूट काढा. मोजेही."

झटकणा जवळ येण्याआधीच नॉर्मन हसत सुटला आणि त्याच्या लाथेने केकचं ताट उडालं.

"प्रेत लाथा मारत नाही, स्टॅगलसाहेब!"

"गुदगुल्या बंद करा, बाई! जीव जाईल!"

"मग तर शोभाल."

एडविनचा अंगठा मात्र ढिम्म. भीतीने तो लाकूड झाला होता.

"दोघंही नापास," डोरीनबाईंनी सुस्कारा सोडला. "असेच पडून राहा. भाग लावा रे, त्या दृश्यात काय होतं ते पाहू."

एडविनने डोळे मिटले. हलायचं नाही, त्याने अंगठ्याला बजावलं. सत्कार गेला खड्ड्यात. पडद्यावर इन्स्पेक्टर खाकरला. "सुनीत आहे. बाराच्या बारा ओळी..."

टुणकन!

"हलला!" सगळं सभागृह उठून उभं राहिलं. "तोच! तस्साच!"

"पण का हलला?" डोरीनबाई वाकल्या. "बोला, प्लमट्री."

एडविनने जमिनीकडे तोंड करूनच उत्तर दिलं. "चौदा."

"काय चौदा?"

"सुनीताच्या ओळी चौदा असतात, बाई. दोन फाडल्यात. माफ करा."

मागच्या रांगेतली एक म्हातारी रडवेली झाली. "म्हणजे मिस पेटिफर छत्तीस वर्षं उगाच आत?"

झालं, एडविनला वाटलं. मोडलं आपण सगळं.

"मग त्या दोन ओळी फाडल्या कुणी?" डोरीनबाई हळूच म्हणाल्या. हा भाग त्यांनी एकतीस वेळा पाहिला होता, आणि आज पहिल्यांदाच त्यांना खुनी माहीत नव्हता. त्यांचे गाल लाल झाले. "पाद्री! नाही, माळी! अरे, किटली चढवा! पहिल्यापासून लावा!"

खुर्च्या खरखरल्या, वह्या निघाल्या, साठ म्हातारे एकदम बोलू लागले. एडविनला उचलून अनवाणीच पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. शेजारी नॉर्मन येऊन बसला आणि त्याने डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री कापून अर्धी पुढे केली.

"पाय तुझे, कबूल," तो कुजबुजला. "पण मोजा माझाच होता. तुझे भिजले म्हणून दिला होता तुला."

"हो रे. घरी आहे. भोक रफू केलंय मी."

"रफू केलंस? त्या भोकाला? अरे, तेच तर—"

"श्श!" डोरीनबाई मागून खेकसल्या. "प्रेतानं मध्ये बोलू नये!"