शपथविधीचे दोन कोट

माझे सासरे शिंपी. आमच्या प्रांतातील प्रत्येक मुख्यमंत्र्याने शपथ घेतली ती त्यांनी शिवलेल्या कोटात. निकालापूर्वीच ते माप घेत, त्यामुळे त्यांचा अंदाज कधी चुकत नाही, अशी शहरभर ख्याती होती. मी भौतिकशास्त्र शिकवतो. ख्यातीमागचे कारण शोधण्याची मला खोड आहे. ते दुकानाच्या आतल्या खोलीत सापडले. सत्ता दोनच पक्षांत आलटूनपालटून जाई. सासरे दोन्ही पुढाऱ्यांचे कोट शिवत आणि हरलेल्याचा गुपचूप उसवत.

“मामा, याला अंदाज म्हणत नाहीत.”

“जावईबापू, चुकलाय का कधी?”

या खेपेस चुकला. जिल्हा रुग्णालयातील एका नर्सबाईंनी वर्षापूर्वी काढलेला पक्ष, ज्याला दोन्ही पुढारी ‘सलाइनवरचा पक्ष’ म्हणून हिणवत, सर्वांत मोठा ठरला. बहुमताला किंचित कमी पडला, इतकेच.

“दोन-दोन कोट टांगलेत, आणि खुर्चीवर बसली बाई!” सासूबाईंना हसू आवरेना. सासऱ्यांना मात्र घास गिळवेना. शपथविधीच्या व्यासपीठावर आपला एकही टाका नसेल, तर दुकान कोणत्या तोंडाने उघडायचे?

अखेर गळ्यात टेप घालून ते नर्सबाईंच्या दारी गेले. सोबतीला मला नेले.

“मला नको हो कोट, उकडतं,” दोरीवर चादर वाळत घालता घालता त्या म्हणाल्या. सासऱ्यांचा चेहरा पडला. “पण थांबा. त्या दोघांचे तयार असतील ना? रक्तदाब तपासायला यायचे, तेव्हा दोघंही कोट शिवायला टाकल्याची फुशारकी मारायचे.”

“आहेत,” सासरे ओशाळून म्हणाले.

“मग झालं तर. पाठिंबा देतो म्हणून सकाळपासून दोघांचेही फोन चालू आहेत. जन्मभर एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, आता माझे मंत्री म्हणून शेजारी बसतील. तेच कोट घाला त्यांना. फक्त खिसे शिवून टाका.”

सासऱ्यांच्या जिवात जीव आला. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी विचारले, “बाहेरचे की आतले?”

“आतले आधी.”

शपथविधीला आम्ही मागच्या रांगेत होतो. व्यासपीठावर दोन्ही पुढारी बराच वेळ हात ठेवायला जागा चाचपडत राहिले. काही केल्या मिळेना, तेव्हा त्यांनी एकमेकांचे हात धरले. लगेच कॅमेरे लखलखले.

“शिवण बघा,” सासरे माझ्या कानाशी कुजबुजले, “तसूभर हललेली नाही.”

दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी त्या छायाचित्राखाली ‘ऐतिहासिक मनोमीलन’ असे छापले. त्यामागचे कारण मला नेमके ठाऊक होते. पण मला विचारतो कोण?