खालच्या वाटेवरची फांदी

रूपी माझ्या भावाची बायको. चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आमच्या पाड्यावर आली आणि आता माझ्या बाबांना बाबा म्हणते. सगळ्याच सुना म्हणतात, मला कळतं. तरी तिच्या तोंडून ऐकलं की माझा जळफळाट होतो, तो होतोच.

मी वाणगावला राहते, डहाणूत फुग्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. तिथली माझी मैत्रीण वेणू समुद्राकाठच्या आगर गावची, मच्छीवाल्यांच्या घरातली. डोंगर तिने आजवर लांबूनच पाहिलेला. तिला आणि आणखी तिघींना मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसले होते, रविवारी आमच्या डोंगरावर नेते. नदीपासून चढायचं, आणि हवा स्वच्छ असली तर माथ्यावरून तुझा समुद्रही दिसेल. वाट माझ्या पायाखालची. बाकीच्या तिघी रविवारी सकाळी येणार होत्या. बेत पक्का करायला वेणू आणि मी शनिवारीच तलासरीला उतरून पाड्याकडे निघालो.

जानेवारीत नदीला घोटाभर पाणी असतं. पाड्याच्या अलीकडेच डोंगराच्या वाटेला फाटा फुटतो. वरची वाट वाघदेवाच्या दगडावरून, लांबून. खालची कातळाला लागून, डोहाजवळून. खालची माझी आणि बाबांची. लहानपणी बाबा त्या वाटेने मलाच न्यायचे, माझ्या भावाला नाही, कारण नविन चार पावलं चालून कडेवर घ्या म्हणायचा.

त्या खालच्या वाटेवर ऐनाच्या झाडाची हिरवी फांदी आडवी टाकलेली होती.

आमच्याकडे अशी फांदी म्हणजे वाट बंद. पलीकडे पाऊल टाकायचं नाही. आणि फांदी उचललेली दिसली की वाट मोकळी, म्हणजे कुणीतरी आत जाऊन, पाहून, खात्री करून उचलली, असं सगळे धरून चालतात. न पाहता ती कुणीच उचलत नाही. पण ही फांदी साधी नव्हती. देठाकडची पानं खुडलेली आणि वर चपटा दगड. ही बाबांच्या हाताची खूण, बाबांनी फक्त मला शिकवलेली. "हे दिसलं का समजायचं, तुझ्या बापानं पाहिलाय," असं ते म्हणायचे.

बाबांचा गुडघा दिवाळीपासून धरलेला. ओट्यावरून खाली उतरायलाही आधार लागतो. मग पानं खुडली कुणी? रूपीशिवाय दुसरं कोण?

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "काय गं, काय झालं?" वेणूने विचारलं. "काही नाही, कचरा पडलाय," मी म्हटलं. दगड लाथेने उडवला आणि फांदी नदीत भिरकावून दिली.

घरी पोचलो तर नविन कामाला गेलेला, रूपीने चहा टाकलेला. वेणूने आणलेली सुक्या बोंबलांची पिशवी माझ्या हातात न देता सरळ तिच्या हातात दिली, आणि पाच मिनिटांत दोघी अशा खिदळायला लागल्या की पाहुणी मीच वाटावी. बाबा खाटेवर पडल्या पडल्या हसत होते. मी आले तेव्हा "आलीस?" एवढंच म्हणाले होते.

"बरं, उद्याचं सांगा," वेणू म्हणाली. "जायचं कसं?"

मी तोंड उघडायच्या आत रूपीने ओट्यावर चिंचोके मांडले. "ही नदी. हा वाघदेव. तिथं पोटभर पाणी प्यायचा, पुढं माथ्यापर्यंत पाणी नाय."

"मला माहितीये," मी म्हटलं.

"व्हतं पाणी, तू लहान होतीस तवा," बाबा म्हणाले. "आता झरा आटला. रूपीला इचार. सगळा डोंगर तिच्या पायाखालचा हाय."

पायाखालचा! माझा शब्द, माझा डोंगर, माझा बाप. चहा कडू लागायला लागला.

"मग उद्या पुढं कोण चालणार?" वेणूने सहज विचारलं.

मी बाबांकडे पाहिलं. याच एका गोष्टीसाठी मी चौघींना गोळा केलं होतं, त्यांच्यापुढे चालायला. आणि बाबा म्हणाले, "रूपी."

"आन खालच्या वाटेनं नाय जायाचा, ताई," रूपी म्हणाली. "कातळाला आग्यामोहोळ बसलाय. शेजारच्या संदीपची शेळी मेली तिथं. मी फांदी टाकलीय, बाबांनी शिकवली तशी."

तेव्हाच बोलायला हवं होतं. वहिनी, फांदी मी काढली, एवढेच चार शब्द. पण वेणू समोर बसलेली, बाबा ऐकत असलेले, आणि "बाबांनी शिकवली तशी" हे शब्द कानात ठणकत होते. मी मनाशी म्हटलं, जायचंय तर वरच्या वाटेनेच. संध्याकाळी गुपचूप जाऊन दुसरी टाकू. कुणाला काय कळतंय?

दुपारी जेवणं झाली. रूपीने कोयता घेतला. "वरच्या वाटेवर करवंदीच्या जाळ्या आल्यात. छाटून येते, नायतर वेणूताईची साडी फाटंल." मी भांडी घासत होते. ती वरच्या वाटेला गेली, म्हणून मी निर्धास्त होते. खरं सांगायचं तर खूशही होते, कारण तासभर बाबा माझ्या वाट्याला येणार होते. मी त्यांच्या गुडघ्याला तेल लावायला बसले. "रूपी असा दाबते," ते म्हणाले आणि माझा हात थोडा खाली सरकवला.

तेवढ्यात रखमी, आमची शेजारीण, ओरडत आली.

तिच्या मागून रूपी. पदर तोंडावर गच्च ओढलेला, कोयता कुठेतरी पडलेला. पदर काढला तर एक डोळा पार मिटला होता. मानेवर, हातांवर माशांचे काटेच काटे. वेणूने मागचापुढचा विचार न करता नखांनी एकेक काढायला सुरुवात केली. संदीपने मोटरसायकल काढली आणि रखमीला मागे बसवून, रूपीला मधे घेऊन तलासरीला डॉक्टरकडे पळवलं.

दीड-दोन तासांनी ती इंजेक्शन घेऊन परतली. जीव वाचला होता, पण तोंड सुजून ओळखू येत नव्हतं.

"वरच्या वाटेला जाणार व्हतीस ना गं?" बाबांनी विचारलं.

"व्हते. पण फाट्यावर फांदी नव्हती," रूपी हळू बोलत होती, ओठ सुजलेले. "मना वाटला, ताई सकाळी तिथूनच आली. तिनं पाहून उचलली. मोहोळ उठला असंल. खालची वाट सोपी, वेणूताईला बरी पडंल, म्हणून ती साफ कराया गेले."

मग माझ्याकडे तोंड करून, उघड्या असलेल्या एका डोळ्याने पाहत म्हणाली, "तू पाहिला तवा माशा नव्हत्या का, ताई?"

टोमणा असता तर मी उलट चार सुनावले असते. पण ती खरंच विचारत होती. बाबांच्या लेकीने न पाहता फांदी उचलली असेल, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"फांदी कुठं हाय?" बाबांनी मला विचारलं.

मी वेणूकडे पाहिलं. कचरा पडलाय, हे तिलाही आठवलं असणार. ती मान खाली घालून चिंचोके गोळा करत होती.

"नदीत," मी म्हणाले. "मी पाहिलं नव्हतं. मी फेकली."

रूपीने भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं बाबा ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं.

"उजेड हाय तवर जा," ते म्हणाले. "दुसरी टाकून ये. कोणी आत जायाला नको."

मी विळा घेऊन ओटा उतरले.

"सुनिता," त्यांनी मागून हाक मारली. "देठाकडली पानं नको खुडू."

फाट्यावर मी ऐनाची फांदी तोडली आणि सगळ्या पानांसकट खालच्या वाटेवर आडवी टाकली. परक्या माणसाने टाकावी, तशी.