पोलाद चांगलं होतं

लोकांचा माल भट्टीत तापवून कडक करून देणं हा आमचा धंदा, आणि या धंद्यात एक रीत आहे. भट्टीतून निघालेला माल तडकला की भट्टीवाला म्हणतो, पोलाद खराब. पोलादवाला म्हणतो, भट्टीवाल्यानं जाळलं. ज्याचा माल असतो तो दोघांवर ओरडतो आणि ज्याचा आवाज लहान त्याच्या डोक्यावर खापर फोडतो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून भट्टीपाशी उभी आहे. नवरा गेला, कोळसा जाऊन वीज आली, पण "चूक आमची" हे शब्द त्या धगीत कधी ऐकले नव्हते.

ते ऐकले प्रदर्शनात, आमच्या सुनेच्या तोंडून.

भट्टीवाल्यांचं ते मोठं प्रदर्शन. खोलीएवढ्या भट्ट्या ओळीनं मांडलेल्या, दारं आरशासारखी, काजळीचा ठिपका नाही. मी एकीला हात लावायला गेले तर सवयीनं आधी फडकं शोधलं. एवढ्या भट्ट्या आणि एकही गरम नाही! आमचा स्टॉल कोपऱ्यात, एका टेबलाचा. मुलानं गिअर पुसून, तेल लावून ताटात मांडले होते. दुपारी वरच्या सभागृहात सुनेचं भाषण होतं, माल का तडकतो यावर. कारखाना आता तीच चालवते. मुलगा गिऱ्हाईक आणि टेम्पो बघतो.

सकाळीच तो पडलेल्या चेहऱ्यानं आला. "आई, गिअरवाले पहिल्या रांगेत बसणार आहेत. तू तरी हिला सांग."

गिअरवाले म्हणजे गिअरच्या कारखान्याचे मालक, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांचं काम गेलं तर अर्धी भट्टी थंड. गेल्या वर्षी त्यांचे गिअर आमच्याकडे तडकले, तेव्हा मुलानं रीतीप्रमाणे सांगून टाकलं, पोलाद खराब होतं. त्यांनी विश्वास ठेवला आणि आपल्या जुन्या पोलादवाल्याला तोडलं. पुढे सुनेनं उरलेल्या पोलादावर पुन्हा पुन्हा काम करून पाहिलं आणि तिला खरं कारण सापडलं. तेच ती आज सांगणार होती.

"स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेय ही," मुलगा म्हणाला.

"धोंडा आपण पोलादवाल्याच्या पायावर मारलाय," सून म्हणाली. "आपला पाय अजून शाबूत आहे."

"अगं, सगळेच असं म्हणतात!"

"म्हणून तर सगळ्यांचा माल तडकतो."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. आपलेच दात, आपलेच ओठ. मी सुनेला विचारलं, "तेवढं वगळलंस तर भाषणात काय उरतं?"

"चित्रं," ती म्हणाली. "आणि शेवटी आभार."

"मग नुसते आभार ऐकायला मी एवढे जिने चढू का?"

मुलानं कपाळाला हात लावला. सून मात्र हसली, सकाळपासून पहिल्यांदा.

सभागृह भरलं होतं. गिअरवाले पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. सून उभी राहिली. सुरुवातीला आवाज कापला, मग लागला.

"पाणी दिलेलं पोलाद रागावलेल्या माणसासारखं असतं," ती म्हणाली. "आपण तापवून बुडवतो तेलात, म्हणतो पाणी दिलं. ते कडक होतं, पण आतून ताणलेलं असतं. लगेच मंद भट्टीत ऊब दिली तर निवळतं. गेल्या वर्षी तडकलेल्या गिअरना पाणी दिलं त्या दिवशी आमची मंद भट्टी दुसऱ्या घाईच्या मालानं भरली होती. तो माल मीच घेतला होता, मला नाही म्हणवलं नाही. हे गिअर सुट्टीभर टोपलीत तसेच राहिले. सुट्टीच्या दिवशी विसरलेली किल्ली आणायला गेले, तर बंद कारखान्यात टोपलीतून आवाज आला. टक्. थोड्या वेळानं पुन्हा टक्."

तिनं नंतरचं सगळं सांगितलं. त्याच पोलादाचे गिअर, त्याच भट्टीत. लगेच ऊब दिली ते धड राहिले, ताटकळत ठेवले ते तडकले.

"पोलाद चांगलं होतं," ती म्हणाली. "चूक माझी होती."

गिअरवाले उठले आणि बाजूच्या दारानं निघून गेले.

"गेलं," मुलगा पुटपुटला. "सगळं गेलं."

"गेलं तर गेलं. ताठ बैस." भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण मान काही केल्या खाली जाईना. सुनेनं कागद गोळा केले, ओठ आवळले आणि खाली उतरली. तिला कुणी प्रश्न विचारला नाही.

स्टॉलवर आलो तर फुंकणी हजर. हा शेजारच्या भट्टीचा मालक. दुसऱ्याच्या चुलीत फुंकर घालत हिंडतो, म्हणून सगळे त्याला फुंकणी म्हणतात.

"वा, सूनबाई! आता पाटीच लावा, इथे तडकलेला माल मिळेल."

"लावते. तुम्ही कुठली लावणार, काका? आमच्याकडे कधीच तडकत नाही?"

तो हसला, पण हलला नाही. इकडेतिकडे बघून त्यानं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत गिअरचा तुटका दात. "हे माझं नाही हं. एका ओळखीच्याचं आहे."

"ओळखीच्यांनी ऊब द्यायला उशीर केला होता का?"

"मी बाहेरगावी... म्हणजे तो बाहेरगावी गेला होता."

मग आणखी एक आला, मग दोघं. सगळ्यांच्या पिशवीत ओळखीच्यांचा माल. आमचं चकचकीत ताट मुलानंच उचलून खाली ठेवलं, टेबलावर जागा उरली नव्हती.

त्या गर्दीतून गिअरवाले आले. त्यांनी एका किडकिडीत माणसाला दंडाला धरून आणलं होतं.

"वहिनी, हे पोलादवाले. मागच्या दालनात यांचा स्टॉल आहे, शोधायला वेळ लागला. वर जे बोललात ते यांच्यासमोर बोला."

सून त्या माणसाकडे सरळ बघत म्हणाली, "तुमचं पोलाद चांगलं होतं. चूक माझी होती. माफ करा."

त्या माणसानं टेबलावरचा एक तुकडा उचलून हातात फिरवला. "हे मी वर्षभर सांगतोय," तो म्हणाला. "घरात बायकोसुद्धा ऐकेना."

गिअरवाले माझ्या मुलाकडे वळले. "माल येत राहील. पण भट्टी भरलेली असली की नाही म्हणायचं. आणि पुन्हा मला गोष्टी सांगायच्या नाहीत."

"नाही सांगणार," मुलगा म्हणाला, आणि बायकोकडे असा बघत राहिला की मीच दुसरीकडे पाहिलं.

पोलादवाल्यानं मला विचारलं, "आजी, मुलगी तुमची?"

"सून!" मी म्हणाले.

"मावशी, हळू! आम्ही बहिरे नाही," फुंकणी म्हणाला.

"आयुष्य भट्टीपाशी गेलं. माझा आवाजच एवढा."

खरं तर हळू बोलता येतं मला. त्या दिवशी बोलायचं नव्हतं.